माळ्यावरचा व्हिडिओ गेम चालत नाही? भंगारात देण्याआधी हे तपासा

दिवाळीची साफसफाई आणि मे महिन्याची सुट्टी, या दोन वेळा माझा फोन हमखास वाजतो. माळ्यावरून खोकं खाली आलेलं असतं. त्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि पिवळ्या-करड्या कॅसेटींचा ढीग. पोरांना ‘आमच्या वेळचा मारिओ’ दाखवायचा म्हणून घरातल्या कुणीतरी मोठ्या उत्साहाने तो हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला असतो, आणि स्क्रीनवर काहीच नाही. पोरं कधीच मोबाईलकडे वळलेली. मग मला विचारतात, “अरे, गेला का रे हा?”

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत मित्रांची, नातेवाइकांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची ही मशीनं मी उघडत आलोय, आणि दुखणं पुन्हा पुन्हा त्याच तीन जागी सापडतं: कॅसेटच्या पिना, अडॅप्टर, नाहीतर समोरचा नवा टीव्ही. मशीनच्या पोटातला बिघाड त्यानंतर येतो. पण लोक सुरुवात नेमकी स्क्रू-ड्रायव्हरने करतात.

मी बोलतोय ते कॅसेटवाल्या आठ बिटांच्या मशीनबद्दल. निंतेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम आणला. आपल्याकडे सामुराई, लिटल मास्टर किंवा नाव नसलेल्या डब्यांतून जे आलं, ते त्याचंच नकलेचं भावंड. कॅसेट वरून खोचायची, ६० पिना. इंटरनेटवर लाल दिवा लुकलुकणाऱ्या मशीनचे आणि ७२ पिनांचा कनेक्टर पाण्यात उकळायचे व्हिडिओ सापडतील. ते अमेरिकेतल्या मॉडेलचे. त्यात खोटी कॅसेट ओळखणारी एक चिप असते, तिला कॅसेट नीट वाचता आली नाही की मशीन सारखं रिसेट होतं. आपल्या मशीनमध्ये ती चिपच नाही, त्यामुळे उकळाउकळी करू नका. प्लेस्टेशन आणि पुढच्या सीडीवाल्या मशीनचं दुखणंही वेगळं. ते इथे घेत नाही.

आधी लक्षण ओळखा

“चालत नाही” एवढ्यावरून काही कळत नाही. नक्की काय होतंय ते बघा.

लाल दिवाच लागत नाही: अडॅप्टर, स्विच किंवा अडॅप्टरची पिन खोचायची जागा.

दिवा लागतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’: टीव्हीची सेटिंग किंवा वायर. कॅसेटला हातही लावू नका.

दिवा लागतो आणि स्क्रीनवर एकच सपाट रंग येतो, करडा, काळा किंवा हिरवट: मशीन जिवंत आहे, कॅसेट वाचता येत नाहीये.

संगीत बरोबर, पण मारिओच्या जागी अक्षरांचे तुकडे आणि विटांच्या जागी रेघा: कॅसेटच्या काही पिना लागतायत, काही नाही.

चित्र ब्लॅक अँड व्हाइट किंवा वर-खाली पळणारं: टीव्हीची रंगपद्धत.

चित्रावरून जाड काळसर पट्टा सरकतोय, स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज: अडॅप्टर म्हातारा झालाय.

थोडा वेळ छान चालून मग अडकतो: पोटातला, व्होल्ट खाली आणणारा रेग्युलेटर तापतोय, नाहीतर कॅसेट सैल आहे.

सगळं चालतं पण उडी उशिरा लागते: टीव्ही. एकच बटण लागत नाही: रिमोट.

बंदुकीने बदक मरत नाही: याला इलाज नाही, पुढे सांगतो.

पहिली तपासणी, फुकट: टीव्ही आणि वायर

टीव्हीच्या रिमोटवरून सोर्समध्ये जाऊन ‘एव्ही’ निवडा. हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात. पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. या मशीनचा आवाज एकाच बाजूचा असतो, त्यामुळे लाल पिन नसली तरी काही बिघडत नाही.

नव्या टीव्हींना पिवळं-पांढरं-लाल अशी भोकंच नसतात. काहींना हेडफोनच्या जॅकसारखं एकच एव्ही भोक असतं, त्याला तीन पिनांत फुटणारी छोटी वायर लागते. या वायरींची आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. चित्र दिसत नसेल तर मशीनची पिवळी पिन त्या वायरच्या लाल आणि पांढऱ्या तोंडात खोचून बघा. चित्र उगवलं तर वायर चुकीची आहे, मशीन नाही. आणि एव्हीची सोयच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते. घेताना दिशा नीट वाचा, कारण उलट्या दिशेची डबी अगदी तशीच दिसते आणि दुकानदार गडबडीत तीच हातात ठेवतो.

जुन्या मशीनला अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर अॅनालॉग चॅनेल शोधावं लागतं. ही मशीनं साधारणपणे व्हीएचएफच्या ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर दिसतात. आता इथे एक गंमत. चित्र स्वच्छ येतं, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. मशीन बिघडलेलं नसतं. आपल्याकडे पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत आवाजाची लहर चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते, हाँगकाँगमध्ये ६ वर, चीनमध्ये ६.५ वर. मशीन तिकडच्या बाजारासाठी बनलेलं असलं की आपला टीव्ही आवाज भलत्याच जागी शोधत बसतो. टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टीम असते, त्यात ‘बीजी’ सोडून ‘आय’ किंवा ‘डीके’ करून बघा. एकाएकी मारिओचं संगीत सुरू होतं आणि आपण मोठे मेकॅनिक ठरतो.

ब्लॅक अँड व्हाइट चित्राचंही तसंच. मामाने अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेलं मशीन एनटीएससी पद्धतीचं असतं, आपला टीव्ही पालचा. मेनूत कलर सिस्टीम ‘ऑटो’ करा, नाही जमलं तर हाताने ‘एनटीएससी’ निवडा.

दुसरी, तीही फुकट: अडॅप्टरवरचा मजकूर वाचा

खोक्यातला अडॅप्टर हा त्याच मशीनचा आहे असं धरून चालू नका. वीस-पंचवीस वर्षांत घरातले अडॅप्टर एकमेकांच्या खोक्यात जातात. रेडिओचा इकडे, कॉर्डलेस फोनचा तिकडे. पिन बसते म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही.

तीन गोष्टी जुळायला हव्यात. एक, व्होल्ट. आपल्याकडच्या बहुतेक मशीनना ९ व्होल्ट डीसी लागतो, पण मशीनच्या पोटाखाली किंवा पिनेच्या भोकाशेजारी छापलेलंच खरं धरा. दोन, मिलिअँपिअर. मशीनवर लिहिलंय तेवढे किंवा त्याहून जास्त चालतील, कमी नाही. तीन, आणि लोक हे विसरतात, उलट-सुलट. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं: मधला ठिपका, भोवती अर्धं वर्तुळ, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. मूळ फॅमिकॉमला मधली पिन उणे लागते आणि नकलेची बरीच मशीनंही तशीच. आज बाजारात मिळणारे साधे अडॅप्टर मात्र बहुतेक मधली पिन अधिक असलेले. स्वस्त मशीनमध्ये उलट्या करंटपासून वाचवणारा डायोड बसवलेला असेलच याची खात्री नाही. नसेल तर एका क्लिकमध्ये खेळ खल्लास. चित्र जुळत नसेल किंवा पुसलं गेलं असेल तर स्विच दाबूच नका, आधी मीटर लावा.

अमेरिकेहून किंवा जपानहून आलेल्या मशीनचा अडॅप्टर १०० किंवा १२० व्होल्टवाला असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घातला की धूर. बाहेरचा प्लग बदलून देणारी पिन स्वस्तात मिळते, पण ती फक्त आकार बदलते, व्होल्टेज नाही.

घरात मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवून अडॅप्टरची पिन मोजा. जुना, वजनदार, आत ट्रान्सफॉर्मर असलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा असताना १२-१३ दाखवतो. घाबरू नका, मशीन जोडलं की तो खाली येतो. शून्य दाखवत असेल तर अडॅप्टर गेला. आकडा उणे आला तर तुमच्या मीटरच्या लाल काडीला उणे बाजू लागली आहे. कुठली काडी कुठे टेकवली होती ते लिहून ठेवा. अडॅप्टर उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या एका टोकाला थेट भिंतीतली वीज आहे. नवा घ्या.

तिसरी, थोड्या पैशांत: कॅसेट

सपाट रंगाचा पडदा आणि तुकडे झालेला मारिओ, दोन्हींचा उपाय इथे आहे.

आधी हे तुकडे का होतात ते सांगतो, कारण हे कळलं की निम्मं निदान आपोआप होतं. या कॅसेटमध्ये ढोबळमानाने दोन कामं असतात. एका चिपमध्ये खेळाचा प्रोग्राम, दुसरीत चित्रं. कनेक्टरच्या एका अर्ध्या भागात बहुतेक प्रोग्रामच्या पिना, दुसऱ्या अर्ध्यात चित्रांच्या. प्रोग्रामची एखादी पिन लागली नाही की खेळ सुरूच होत नाही, सपाट रंग. चित्रांची लागली नाही तर खेळ आत व्यवस्थित चालू असतो, संगीत वाजतं, मारिओ उडीही मारतो, फक्त त्याच्या अंगावर भलत्याचेच तुकडे चढलेले असतात. म्हणून पडद्यावर असा कचरा दिसला की मी खूश होतो. मशीनचा मेंदू शाबूत आहे, फक्त पिना मळल्यात. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये तर आवाजसुद्धा कॅसेटमधून फिरून परत येतो, त्यामुळे तिथे आवाज गेला तरी पहिला संशय कॅसेटवरच घ्यावा.

आता फुंकर. आपण सगळ्यांनी मारली. चाळीत तर फुंकर मारणारा एक खास माणूस असायचा, त्याच्याशिवाय काँट्रा सुरू व्हायचाच नाही. खरं कारण एवढंच की फुंकर मारायला कॅसेट काढावी लागायची आणि परत खोचावी लागायची. त्या घासण्यात पिनांवरचा मळ जरा सरकायचा. श्वासातली वाफ तांब्यावर बसते आणि नंतर तेच तांबं हिरवं पडतं. निंतेंडोनेच पुढे लोकांना फुंकर मारू नका म्हणून सांगितलं. त्यात आपली मुंबई. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर, वरून समुद्राची खारी हवा. मूळ कॅसेटच्या पिनांवर सोन्याचा पातळ थर असायचा; आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटवर तो नावापुरता किंवा मुळीच नाही. माळ्यावर एवढे पावसाळे काढल्यावर त्या पिना काळ्या पडणारच.

करायचं असं. आधी मशीन बंद करून कॅसेट बाहेर काढा आणि परत सरळ खोचा. खोचताना डावी-उजवीकडे जराशी हलवा, पुढे-मागे वाकवू नका. तळापर्यंत दाबून मग केसभर वर घ्या. कनेक्टरचे काटे जिथे वर्षानुवर्षं टेकत आलेत तिथे खड्डा पडलेला असतो, त्यामुळे जागा जराशी बदलली तर बऱ्याचदा तेवढ्यानेच चालू होतं. दुसरी कॅसेटही लावून बघा. एक चालते आणि एक नाही, तर मशीन बरं आहे.

चालली नाही तर कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असू शकतं, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. काडी ओली करा, थेंब गळता कामा नये, आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने वरून खाली पुसा, आडवं नाही. काडी काळी येईल. दुसरी घ्या. काळी येणं थांबेपर्यंत हेच. दोन्ही बाजूंना पिना आहेत, मागची विसरू नका. मग दहा मिनिटं वाळू द्या.

तरीही काळेपणा गेला नाही तर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर अलगद फिरवा आणि चुरा ब्रशने झाडून परत अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर, चाकूचं पातं, टूथपेस्ट यातलं काहीही नको. पिनांवरचा थर एकदा खरवडला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही परत मला फोन करणार. पिना हिरव्या पडून चक्क तुटलेल्या असतील तर ती कॅसेट सोडून द्या. मन घट्ट करा. त्यावर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं असलं तरी आत मोजकेच खेळ असतात, बाकी तेच खेळ वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. तेव्हाही आपल्याला हे माहीत होतं, तरी शेवटच्या पानापर्यंत मेनू चाळायचोच.

मशीनच्या बाजूचा कनेक्टर साफ करायला आत काडी जात नाही. जुन्या एटीएम कार्डासारखं पातळ काहीतरी घ्या, त्यावर चष्मा पुसायचं फडकं एकच घडी गुंडाळा, अल्कोहोलने जेमतेम ओलं करा आणि कॅसेट खोचतो तसं आत-बाहेर करा. जाड गुंडाळलं तर काटे वाकून कायमचे सैल होतील. हे करताना अडॅप्टर भिंतीतून काढलेला असावा.

चौथी: रिमोट

रिमोटची तपासणी करायला काँट्रासारखं दुसरं यंत्र नाही. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, स्टार्ट. काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीने हा कोड १९८६ मध्ये ग्रेडियस या खेळात पहिल्यांदा घातला, आणि काँट्रात तो तीस जीव देतो. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे यात चारही दिशा आणि दोन्ही बटणं वापरली जातात. तीन जीव गेल्यावरही खेळ चालू राहिला तर रिमोट ठणठणीत. संपला तर एखादं बटण दगा देतंय, किंवा तुमची बोटं हा कोड विसरलीत, म्हणून दोनदा तरी करून बघा. मग टँकवाला गेम लावून चारही दिशांना रणगाडा फिरवा, अडणारी दिशा लगेच सापडते. स्वस्त कॅसेटवरच्या काँट्रात बदल केलेले असतात. तिथे कोड चालला नाही तर रिमोटला दोष देऊ नका.

एखादं बटण लागत नसेल तर मागचे स्क्रू काढा. आत रबरी पॅड असतो, त्याखाली काळे गोल ठिपके. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तेच. पॅडवर आणि बोर्डावर मळ साचतो, अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. काळा ठिपका घासू नका, तो कार्बन आहे. गेला की बटण गेलं. सगळीच बटणं मधूनमधून मरत असतील तर वायर बघा. रिमोटमधून वायर बाहेर येते तिथे ती आतून तुटलेली असते. खेळताना सगळे रिमोटला गाडीच्या स्टिअरिंगसारखं वळवायचे, त्याचा हा परिणाम. वायर त्या जागी वाकवून धरली की बटण लागतं का बघा. लागलं तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोल्डर करायचा. वायरींचे रंग आधी मोबाईलवर टिपून ठेवा.

दुसऱ्या मशीनचा रिमोट लावून बघायचा मोह होईल. पिन नऊच दिसतात, पण जोडणी सगळीकडे सारखी नसते. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा रिमोट इथे खोचू नका.

उडी उशिरा लागते

याची तक्रार लोक फार दुःखाने करतात. “अरे, माझा हात गेला. आठव्या वर्ल्डपर्यंत जायचो, आता पहिल्याच खड्ड्यात पडतोय.” हात गेलेला नाही. जुना डबा टीव्ही आलेला सिग्नल लगोलग पडद्यावर रेखाटायचा. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी आत साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. पाल मशीनमध्ये एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, आणि टीव्हीने अशा चार-पाच फ्रेम खाल्ल्या की मारिओ खड्ड्यात. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, चित्र सुधारणारे बाकीचे सगळे पर्याय बंद करा, आणि आकार ४:३ करा, म्हणजे मारिओ आडवा फुगणार नाही. मध्ये एचडीएमआयची डबी असेल तर तिचाही थोडा उशीर त्यात मिळतो. तो पूर्ण जात नाही.

बंदुकीचं मात्र अगदीच सरळ आहे. डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. हे गणित डबा टीव्हीच्या रेखाटण्याच्या वेळेवर बेतलंय. एलसीडीवर तो उजेड उशिरा आणि वेगळ्या पद्धतीने येतो. बंदूक कितीही साफ करा, बदक उडूनच जाणार. डक हंट खेळायचंच असेल तर डबा टीव्ही शोधा. कुणाच्या गावच्या घरी असतोच एखादा चौदा इंची, आणि तो द्यायला लोक एका पायावर तयार असतात.

पाचवी: मशीन उघडणं

इथपर्यंत सगळं करून झालं, दुसरा अडॅप्टर आणि चालती कॅसेट लावून बघितली, तरच पुढे या. अडॅप्टर काढलेला असेल तर या मशीनच्या पोटात शॉक देणारं काही नाही. ९ व्होल्ट आत येतात, आणि तेही बंद.

आधी स्विच. सरकवायचा स्विच आतून गंजतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून वीसेक वेळा मागे-पुढे करा. मग अडॅप्टरची पिन जिथे खोचतो तो जॅक. दिवा लुकलुकत असेल तर जॅकच्या पायांभोवतीचं सोल्डर तडकलेलं असतं. भिंगातून बघितलं की गोल बारीक चीर दिसते. सोल्डरिंग येत असेल तर नवं सोल्डर लावून पाच मिनिटांचं काम.

त्यानंतर रेग्युलेटर, म्हणजे तीन पायांचा, पत्र्याला स्क्रूने टेकवलेला ७८०५. बाहेरून आलेल्या ९ व्होल्टचे तो ५ करतो, आणि उरलेली वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो. त्याला आत किमान सातेक व्होल्ट यावे लागतात, म्हणून ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर हे मशीन चालवायचा प्रयोग फसतो. मधला पाय ग्राउंड, छापील अक्षरं आपल्याकडे असताना डावा पाय आतला, उजवा बाहेरचा. मशीन चालू ठेवून उजव्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मीटरची काडी दोन पायांना एकदम टेकू देऊ नका. थोडा वेळ चालून अडकणाऱ्या मशीनमध्ये हा प्रचंड तापलेला असतो, कारण पत्र्याच्या आणि त्याच्या मधली पांढरी पेस्ट वाळून पीठ झालेली असते. पेस्ट पुसून नवी लावा, स्क्रू आवळा. पार्ट बदलायचा झाला तरी तो वडापावच्या किमतीत येतो.

शेजारी उभे, गोल कपॅसिटर असतात. वरचं झाकण फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला. घुंऽऽ आवाज नव्या अडॅप्टरनेही गेला नाही तर इथे शंका घ्या. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अंगावरचा पट्टा उणे बाजूला.

इथे थांबा

बोर्डावर चिपच्या जागी डांबराचा काळा गोळा दिसला आणि ७८०५ मधून बरोबर ५ व्होल्ट येतायत, कॅसेट चालती आहे, तरी पडदा सपाट, तर हात वर करा. त्या गोळ्याखाली उघडी चिप आहे. ती बदलता येत नाही, तुम्हालाही आणि दुकानदारालाही. “करून देतो, ठेवून जा” म्हणणाऱ्याकडे ठेवून जाऊ नका. मशीनमध्ये सुट्या, पायांच्या चिपा असतील तर गोष्ट वेगळी. असं मशीन चांगल्या कारागिराला दाखवण्यासारखं असतं.

डबा टीव्ही कधीही स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत टिकून राहतात. टीव्हीचं चित्र आकसलं असेल किंवा मधोमध एकच रेघ येत असेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवा. जुना, केस पिकलेला असेल तर उत्तम, कारण नव्या पोरांनी ट्यूब बघितलेलीच नसते.

जळका वास आला, अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापला, किंवा बोर्डाची तांब्याची रेघ सोल्डरिंग करताना उखडली, तिथेही थांबा. रेघ जोडता येते, पण तिसऱ्यांदा उखडलेली जोडायला कुणी हातात घेत नाही.

कारागीर शोधायला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनहून चालत. रविवार सोडून जा. नुसतं मशीन घेऊन जाऊ नका. अडॅप्टर, एव्ही वायर आणि तुमची चालती कॅसेट बरोबर न्या, कारण त्याच्याकडे ही कॅसेट असणार नाही आणि कॅसेटशिवाय तो तपासणार कशावर? काय काय करून झालंय आणि रेग्युलेटरवर किती व्होल्ट मिळाले ते कागदावर लिहून द्या, आणि आधी खर्च विचारा. खर्च चोर बाजारातल्या दुसऱ्या मशीनच्या वर जात असेल तर दुरुस्ती सोडा. तिथे घेतानाही तुमचा अडॅप्टर आणि कॅसेट लावून, चित्र बघूनच पैसे द्या. “घरी जाऊन लावा, चालेल” यावर विश्वास ठेवू नका.

आणि मशीन चालू झालं तर परत माळ्यावर टाकू नका. हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवा. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून तासभर खेळा. कॅसेट मशीनमध्ये खोचलेली ठेवू नका, कनेक्टरचे काटे सैल होतात. अडॅप्टरवर पेनाने ‘व्हिडिओ गेम’ लिहून ठेवा.